तुम्ही विचारलंत म्हणून: तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) आमच्या मेनूकार्डावरून का गेल्या

"मालवणी खानावळ म्हणवता आणि तिसऱ्यांचं सुकं नाही?" डोंबिवलीत आमच्या गल्ल्यासमोर उभं राहून हे मला सारखं कुणीतरी ऐकवतं. वर "आता नुसता नफा बघता" हेही. एकदाच नीट सांगते.

नफा बघतेच. भाडं, गॅस, पगार त्यातूनच जातात. पण टक्क्यांत नाही, रुपयांत बघते. बांगडा थाळी 280 ला, सामान 110 चं, सुटतात 170. सुरमई थाळी 550 ला, सामान 310 चं, सुटतात 240. टक्क्यांत बांगडा सरस, पण गल्ल्यात जास्त पैसे सुरमई टाकते. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या कासावाना आणि स्मिथ यांनी 1982 मध्ये हेच मांडलं: एका पदार्थामागे रुपये किती सुटतात आणि तो खपतो किती, यावरून कार्डाचे चार गट पाडायचे. खपाची कसोटीही ठरलेली. वीस पदार्थ असतील तर प्रत्येकाचा सरासरी वाटा 5 टक्के, त्याचे 70 टक्के म्हणजे साडेतीन. त्याच्या खाली तो न खपणारा.

तिसऱ्यांत चांगले सुटायचे, पण खपायच्या नाहीत. असा पदार्थ लगेच काढू नका, आधी पुढे आणून बघा, असं हे शास्त्र म्हणतं. आणला. कार्डावर चौकटीत छापला, वाढप्यांना पहिलं तेच नाव घ्यायला सांगितलं. 1 जून ते 31 जुलै पावसाळी मासेमारीबंदी, यांत्रिक बोटी बंद, सुरमई महाग. तेव्हा खाडीतल्या तिसऱ्या पुढे करण्यात काहीच गैर नव्हतं. खप वाढला.

मग जुलैतला तो रविवार. आमच्या मुदपाकखान्यातल्या मावशी पहाटेपासून विळीवर. तिसरी उघडायची, मांस एका शिंपेत ठेवायचं, दुसरी टाकायची, आतलं पाणी गाळून घ्यायचं. एरवी त्या तिसऱ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतात, वाळू सुटते. त्या दिवशी रात्रीच्या पुरल्या नाहीत, सकाळी आणखी मागवल्या, त्या जेमतेम तासभर भिजल्या. दुपारी भर गर्दीत एक गृहस्थ ताट घेऊन थेट मुदपाकखान्याच्या दारात आले, मावशींपुढे ठेवलं आणि म्हणाले, "खाऊन दाखवा." मी मध्ये पडायच्या आत मावशींनी चिंधी बांधलेल्या बोटांनी एक शिंप उचलली, खाल्ली. "व्हय, कच आसा," म्हणाल्या. आणि परत विळीवर बसल्या, कारण आणखी दोन टेबलं थांबली होती. मी त्या गृहस्थांचे पैसे परत केले, आणि मावशींच्या पुढून विळी उचलून नेली. त्या दिवसापासून तिसऱ्या बंद.

वरच्या हिशेबात मासा आहे, तेल आहे, नारळ आहे. मावशींचे तीन तास कुठल्याच रकान्यात नाहीत. पगार महिन्याचाच द्यायचा, मग तो एका पदार्थावर वेगळा कशाला लावायचा, असा वाद मीच पूर्वी भावाशी घालायचे. आजही तो मुद्दा पूर्ण खोटा आहे असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या गेल्या म्हणून पगाराचा एक रुपया वाचलेला नाही. पण त्या तीन तासांत आता कोलंबी साफ होते, वड्यांचं पीठ वेळेवर भिजतं, आणि दुपारी मावशी बसून जेवतात.

हे मावशींना मात्र पटलेलं नाही. "माका इचारलंस काय?" हा त्यांचा प्रश्न अजून तसाच आहे. तिसऱ्यांचा हात आपला, असं त्या मानतात, आणि खरंच तसा हात मी दुसरा पाहिलेला नाही. त्या म्हणतात, एक बाई वाढव आणि दर वाढव. बाईचे पैसे धरले तर 320 चं ताट साडेचारशेला जातं. तुम्ही विचारता तेव्हा मीही उलट विचारते, साडेचारशेला घ्याल? बहुतेक जण बांगडा सांगतात.

आदल्या दिवशी फोन केलात आणि मावशी हो म्हणाल्या, तर करून देते. कार्डावर सध्या छापणार नाही.