ट्रेकचं घड्याळ आणि माझे पाण्यात गेलेले तीन हजार

मागच्या जुलैत लोणावळ्याहून राजमाचीला चालत गेलो, एका बाजूने साधारण पंधरा किलोमीटर, पाऊस नुसता धो धो, म्हणून फोन बंद करून पिशवीत गुंडाळून सॅकच्या तळाशी टाकलेला आणि मनगटावर नवंकोरं 'रग्ड' घड्याळ, खोक्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरात जीपीएस. राजमाचीच्या पायथ्याला उधेवाडीत पोचून बघतो तर अंतर साडेएकवीस किलोमीटर आणि नकाशा कोरा! मित्र चहाचा घोट घेत म्हणाला, "येड्या, जीपीएस तुझ्या फोनमध्ये आहे, घड्याळात नाहीये. ते बिचारं पावलं मोजतंय."

तर घड्याळ घेताना पहिली गोष्ट हीच बघा, 'कनेक्टेड जीपीएस' लिहिलं असेल तर ते फोनचं उसनं जीपीएस. आपल्याला 'बिल्ट-इन' पाहिजे.

मिलिटरी ग्रेडच्या स्टिकरला तर अजिबात भुलू नका. मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकन लष्कराचं टेस्टिंगचं स्टँडर्ड आहे खरं, पण त्यातल्या कुठल्या टेस्ट करायच्या हे कंपनीच ठरवते आणि पास झालो हेही तीच सांगते, म्हणजे आपणच पेपर काढायचा आणि आपणच तपासायचा. त्यापेक्षा बटणं मोजा. माझ्या त्या घड्याळाला एकच बटण होतं, बाकी सगळं टच, आणि ओल्या स्क्रीनवर पावसाचे थेंबच ट्रेक पॉज करत होते, मी पुसतोय, ते परत पॉज, शेवटी नाद सोडला.

बॅटरीचं पण तसंच. 'पंधरा दिवस' वगैरे जीपीएस बंद ठेवून असतं, जीपीएस चालू ठेवून किती तास ते विचारा, कारण हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने करायचा तर अख्खा दिवस जातो आणि घड्याळ दुपारीच मान टाकतं. ड्युअल बँड, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींवर सिग्नल घेणारं जीपीएस, मिळालं तर उत्तमच, कड्यांवर सिग्नल आपटून येतो तेव्हा साधं जीपीएस तुम्हाला दरीत चालवतं. पण सांदण दरीसारख्या ठिकाणी, जिथे आभाळाची नुसती चिरोटी दिसते, तिथे महागडी घड्याळंही गडबडतात.

मी शेवटी काय केलं, तर एका ट्रेकवाल्याकडून जुनं अमेझफिट टी-रेक्स प्रो घेतलं, साडेसहा हजारात. चार बटणं, स्वतःचं जीपीएस, बॅरोमीटर. ड्युअल बँड नाही, नकाशाही नाही, पण माझं भागतं. बॅरोमीटरची एक गंमत, तो उंची मोजतो हवेच्या दाबावरून, आणि दाब एक हेक्टोपास्कल उतरला की घड्याळाला वाटतं आपण आठ-नऊ मीटर चढलो. कळसूबाईला मी पायथ्याच्या बारी गावात कॅलिब्रेट करायला, म्हणजे तिथली खरी उंची घड्याळात भरायला, विसरलो, पावसाळी हवा, वर गेल्यावर आकडा १६८८! शिखर आहे १६४६ मीटर. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर मी बेचाळीस मीटरने वाढवून आलो :)

गार्मिन इन्स्टिंक्टचा मोह होता, खोटं कशाला बोलू, उन्हात त्याची स्क्रीन फार छान दिसते, पण तेवढ्या पैशात नवे बूट आणि सॅक दोन्ही येतात आणि माझ्या बुटांचा सोल आधीच आ वासून होता.

ते पहिलं, पावलं मोजणारं घड्याळ आता बाबांकडे आहे. रोज सकाळी बागेतून येऊन सांगतात, आज आठ किलोमीटर झाले. बाग केवढी आहे ते मला माहितीये, पण मी काही बोलत नाही.