मनाली-लेह: सामान काय घ्यावं आणि कुठे ठेवावं

बारालाचा खिंडीच्या चढावर गारा पडायला लागल्या तेव्हा माझा रेनकोट मोटारसायकलच्या डाव्या सॅडलबॅगेत अगदी तळाशी होता. बंजी दोऱ्या सोडल्या, बॅगेचं कव्हर काढलं, बधिर बोटांनी चेन ओढली. तोवर आतलं थर्मलही भिजलं होतं. उंची 4,890 मीटर आणि सरचूचे मुक्कामाचे तंबू अजून चाळीसेक किलोमीटर लांब. तिथे पोचेपर्यंत माझे दात वाजत होते. रेनकोट आणि जादा हातमोजे बॅगेच्या बाहेर, सीटमागे एका दोरीखाली बांधा. गाडी थांबल्यापासून मिनिटभरात अंगावर चढले पाहिजेत.

सप्टेंबरात आम्ही दोघं पुण्याहून गाडी चालवतच निघालो. राजस्थानात घामाच्या धारा, सरचूला हाडं गोठवणारी थंडी. एकच जाड जॅकेट घेऊ नका. जाळीचं रायडिंग जॅकेट, आत थर्मल, वर रेनकोट, एवढ्यावर दोन्ही टोकं निभतात. जीन्स भिजली की दोन दिवस वाळत नाही. माझ्या दोन्ही जीन्स, कॅमेऱ्याचा ट्रायपॉड आणि जादा बूट मनालीहून टपालाने घरी पाठवले. काट्यावर सव्वासहा किलो भरले. त्यानंतर वळणावर गाडी किती हलकी वाटली!

हत्यारांत मात्र काटकसर नको. माझी मोटारसायकल रॉयल एनफील्ड हिमालयन 411, स्पोकची चाकं, म्हणजे ट्यूबचे टायर. ट्यूबलेसचं पंक्चर किट इथे कुचकामी. पुढची-मागची एकेक ट्यूब, टायर लेव्हर, पंप आणि चाक खोलायचा पाना हवाच, आणि निघण्यापूर्वी घरी एकदा स्वतः चाक काढून बघा. नवी क्लच केबल जुनीच्या शेजारूनच ओवून झिप टायने बांधून ठेवली होती. तुटली असती, तर फक्त दोन टोकं बदलायची होती.

मनालीच्या पुढे टांडीच्या पेट्रोल पंपावर पाटी होती: पुढचा पंप 365 किलोमीटरवर. टाकी 15 लिटरची. एरवी 30 देणारी गाडी चढावर 25 वर आली. हिशोब अगदी काठावर येतो, म्हणून 5 लिटरचा कॅन घेतला, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला बांधून. वर हवेचा दाब कमी असल्याने कॅनचं झाकण अधूनमधून जपून सैल करा. चिवड्याचं पाकीट तर सरचूला फुगून उशीएवढं झालं होतं.

आरसी, विमा, पीयूसीच्या कागदी प्रती झिपच्या पिशवीत ठेवा. रेंज नसताना फोनमधल्या ऑनलाइन ॲपमधली कागदपत्रं उघडतीलच असं नाही. लडाखात बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड घ्या. रोख पैसे दोन ठिकाणी विभागा. विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आणि जुनी वर्तमानपत्रं. रात्री ओल्या बुटांत बोळे कोंबायचे आणि झोपण्यापूर्वी एकदा बदलायचे. सकाळी बूट दमट होते, पण घालण्याजोगे झाले होते.