स्टॉर्म आणि रडार डिटेक्टर: के बँडचं भूत सापडलं

माझ्या गाडीतला रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची लहर ऐकून ओरडणारा डबा, रिकाम्या रस्त्यावर उगाच "के बँड" का ओरडतो, ते सापडलं एकदाचं. तीन आठवडे गेले, दोन चार्जर गेले, एक फिल्टर गेला, घरच्यांचा संयम तर केव्हाच संपला. आणि सापडलं ते अशा ठिकाणी की सांगायलाही लाज वाटते. तरी सांगतो, कारण मागच्या वेळी ही तक्रार लिहिली तेव्हा तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी मला अल्टरनेटर (गाडीत वीज बनवणारं यंत्र) बदलायला लावलं होतं आणि मी तो काढून बाकावर ठेवलाही होता.

नव्यांसाठी दोन ओळी. गाडी सॅन स्टॉर्म, गोव्यात बनलेली, दोन सीटची, उघड्या टपाची. फायबरग्लासची बॉडी, रेनोचं ११४९ सीसी इंजिन, ६० घोडे. एवढ्या घोड्यांवर रडार डिटेक्टर कशाला, हा प्रश्न आमच्या गावात सगळ्यांनी विचारून झालाय. शेजारचे काका रोज विचारतात, "काय गा, हे लाल डब्बं कायले बोंबलून रायलं?" वेगात पळायचंच नाही मला. मला रेडिओचा नाद आहे, आणि फायबरच्या नाकामागं अँटेना लपवता येईल अशी गाडी आपल्या तालुक्यात ही एकच.

मैदानात दोन डबे होते. एक "मस्कतवाला": साळ्यानं मस्कतहून आणलेला, जुना पण खरा अमेरिकन सुपरहेटरोडाइन (चांगल्या रेडिओसारखा रिसीव्हर), एक्स, के, केए हे रडारचे बँड (के म्हणजे २४ गिगाहर्ट्झच्या आसपास) आणि लेझर ऐकणारा. दुसरा "३६०वाला": ऑनलाइन मागवलेला, खोक्यावर सोळा बँड लिहिलेले, आणि चालू केला की रशियन बाई बोलते. तिचं मी आधीच लिहिलंय, पुन्हा उगाळत नाही. एवढंच सांगतो की सीडीएम३२४ हे के बँडची लहर पाठवणारं छोटं रडार मॉड्यूल २४.१२५ गिगाहर्ट्झवर लावून तुरीच्या धुऱ्यावर ठेवलं, तर मस्कतवाला साडेतीनशे पावलांवरून बोलायला लागला आणि बाई वीस पावलांवर आली तेव्हा तिला जाग आली. एचबी१०० या एक्स बँडच्या मॉड्यूलवर, म्हणजे १०.५२५ ला, ती जागीच झाली नाही. तिला आता ट्रॅक्टरवर बसवलंय. तिथं ती सुखी आहे.

तर मस्कतवाला स्टॉर्मच्या डॅशवर. गाडी उभी, इंजिन सुरू: गप्प. एकट्यानं आर्वीला भाजी आणायला गेलो: गप्प. आणि तळेगाव रस्त्यावर चाचणीला निघालो की के बँड, के बँड, के बँड. आजूबाजूला काय, तर कपाशी आणि वेचणीवाल्या बाया. सरकतं काचेचं दार नाही, मॉल नाही. वर्ध्याला एका मोठ्या दुकानासमोर तो ओरडतो ते समजू शकतो, दारावरचे ते सेन्सर त्याच बँडात चालतात. पण वेचणीच्या वावरात के बँड कोण पाठवणार?

पहिला संशय वेगावर. भाजीला जातो चाळीसनं, चाचणी करतो ऐंशीनं. म्हणजे आरपीएम, म्हणजे अल्टरनेटरचा आवाज सप्लायमधून आत येतोय. तुमचंही हेच म्हणणं होतं. गाडी उभी करून ४००० पर्यंत रेस दिली. गप्प. मग चार्जर बदलला. मग नागपूरच्या सीताबर्डीहून फेराइट कोअर आणि एलसी फिल्टर आणला, सप्लायमधला गोंगाट गाळायला. (त्या गल्लीतला दुकानदार एकाच फिल्टरचे तीन भाव सांगतो, तुमचे बूट पाहून. चप्पल घालून जा.) फिल्टरनं फरक शून्य. शेवटी डबा गाडीच्या वायरवरून काढून वेगळ्या बॅटरीवर चालवला, मांडीवर घेऊन. तरी के बँड. म्हणजे अल्टरनेटर निर्दोष, आणि मी तो उगीच काढला होता. परत बसवताना बोटाचं साल गेलं ते तुमच्या नावावर लिहून ठेवलंय.

मग कंपनाचा संशय. कुठंतरी सुटलेलं सोल्डर असेल, खड्ड्यात हलत असेल. डबा उघडला, हॉर्न अँटेनाजवळचे सांधे भिंगातून पाहिले, दोन पुन्हा तापवले. (त्याच्या आतलं काम काय सुंदर आहे. आतला तो छोटा हॉर्न बघत मी अर्धा तास नुसता बसलो होतो, बायको जेवायला हाक मारून थकली.) टिचक्या मारल्या, टेबलावर आपटला. गप्प. रस्त्यावर नेला. के बँड.

चाचणीची पद्धत लक्षात घ्या, कारण सगळी मेख तिथंच होती. भाचा आपल्या नव्या एसयूव्हीत सीडीएम३२४ घेऊन पुढं जायचा, ठरलेल्या मैलाच्या दगडाशी थांबायचा, मॉड्यूल चालू करायचा आणि फोन करायचा. मी त्याच्या मागोमागच यायचो. मॉड्यूल चालू व्हायच्या आधीच माझा डबा ओरडत असायचा. भाच्यावर संशय आला नव्हता असं नाही. पहिल्याच आठवड्यात त्याची गाडी अंगणात उभी करून, चावी फिरवून, डबा हातात धरून मी तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या होत्या. गप्प. म्हणून तिचं नाव यादीतून खोडलं. चूक झाली ती इथं.

परवा संत्र्याचा एक ट्रक मधे घुसला. रस्ता अरुंद, भाच्याला बाजू घ्यावी लागली आणि मी पुढं निघालो. डबा एकदम गप्प. दोन किलोमीटर गप्प. मला वाटलं, मेला. मग भाचा पुन्हा पुढं गेला, आणि माझ्या उजव्या बाजूनं पुढं सरकताना डबा असा किंचाळला की स्टेअरिंग हलली.

गाडी बाजूला घेतली आणि बोरीच्या सावलीत बसलो. ब्लाइंड स्पॉटचं, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या बाजूवर नजर ठेवणारं रडार. भाच्याच्या गाडीच्या मागच्या बंपरमधे, दोन्ही कोपऱ्यांत, मागं आणि बाजूला पाहणारी दोन रडारं. बऱ्याच नव्या गाड्यांत हे ७७ गिगाहर्ट्झवर गेलंय, तिथं आपला डबा बहिरा. पण २४ वरचीही पुष्कळ आहेत, आणि ती बरोबर के बँडात बसतात. अंगणात गप्प का? कारण गाडी उभी असताना ही यंत्रणा झोपलेली असते, ठरावीक वेगाच्या वर गेली की जागी होते. मी मागं असलो की तिचे डोळे थेट माझ्यावर. मी पुढं असलो की तिची पाठ माझ्याकडं.

भाच्याला मेनूतून ते बंद करायला लावलं. तो पुढं, मी मागं, ऐंशीचा वेग: गप्प. चालू केलं: के बँड. असं चार वेळा. चौथ्या वेळी भाचा वैतागून म्हणाला, "मामा, तुमी माह्याच गाडीले चोर ठरोले, अन् मी इकडं पोलीस शोधून रायलो होतो." काखेत कळसा न् गावाला वळसा म्हणतात, पण आमचा कळसा पुढं पळत होता न् आम्ही त्याच्या मागं.

आता मुद्दा. आतापर्यंत मी डिटेक्टर निवडत होतो तो लांब पल्ल्यावर. किती पावलांवरून बोलतो, बस. तो निकष या तीन आठवड्यांत मोडला. साडेतीनशे पावलांवरून "के" म्हणणारा डबा मला एवढंच सांगतो की कुठंतरी काहीतरी आहे. व्हॅलेंटाइन वन या अमेरिकन डिटेक्टरला मागं-पुढं दोन अँटेना आणि दिशेचे बाण आहेत, १९९२ पासून. ते बाण माझ्याकडं असते तर हे प्रकरण पहिल्या संध्याकाळी मिटलं असतं: सिग्नल पुढून, पुढं फक्त भाचा. युनिडेन आर३ या दुसऱ्या डिटेक्टरला बाण नाहीत, पण तो पडद्यावर नेमकी फ्रिक्वेन्सी दाखवतो, आणि आकडा समोर असला की माझं मॉड्यूल आणि भाच्याचं बंपर वेगळं ओळखायला वही पुरते. मस्कतवाला फक्त "के" दाखवतो. यापुढं मला विचाराल तर पल्ला तिसऱ्या नंबरवर. पहिल्यावर बाण किंवा आकडा, दुसऱ्यावर गाड्यांची रडारं गाळणारा फिल्टर. रस्त्यावर नव्या गाड्या वाढतायत, भुतंही वाढणार.

फायबरचंही सांगून टाकतो. बऱ्याच जणांची समजूत आहे की फायबरची गाडी रडारला दिसत नाही. सीडीएम३२४ ला एलएम३५८ चिपचा अॅम्प्लिफायर लावून धुऱ्यावर बसलो आणि भाच्याला स्टॉर्म माझ्याकडं चालवत आणायला सांगितलं. दिसते. मस्त दिसते. फायबरमधून लहर आत जाते आणि रेडिएटर, इंजिन, सस्पेन्शनवर आपटून परत येते. उलट दिशेनं मात्र हीच गोष्ट कामाची: डबा नाकामागं ठेवला तर कोरड्या फायबरमधून त्याला जवळजवळ तेवढंच ऐकू येतं. सकाळी दव पडलेलं असताना पल्ला घटला, पुसल्यावर परत आला. पाणी ही लहर खातं. मारुती ८०० च्या पत्र्याच्या बॉनेटमागं ठेवून पाहिला, अर्थातच ठार बहिरा. माझा मूळ बेत, अँटेना नाकामागं आणि फक्त दिवा डॅशवर, बरोबर ठरला. हा छोटा विजय मी दोन दिवस चघळला.

दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी समृद्धीवर कारंजा लाडच्या दिशेनं निघालो होतो. मर्यादा १२०, मी ९५ वर, उजवीकडून सगळे ओलांडून जातायत. पुलाच्या सावलीत इंटरसेप्टर, म्हणजे पोलिसांची वेग मोजणारी गाडी. डबा "लेझर" म्हणाला. म्हणाला आणि लगेच थांबला. तेवढंच. माझा वेग केव्हाच मोजून झाला होता. लेझर गनचा झोत ९०५ नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि इतका बारीक की ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर पसरतो. रडारसारखा तो रस्ताभर सांडत नाही. तो नंबरप्लेटवर टेकतो, प्लेट चमकून परत पाठवते, अर्ध्या सेकंदात आकडा तयार. तुमच्या डब्याला ऐकू येतं ते तुम्हाला मोजल्यावरच. पुढच्या गाडीवरून उडालेला झोत मिळाला तर नशीब, पण समृद्धीवर दुपारी पुढं गाडी असतेच कुठं? आणि डबा नाकामागं फायबरात नेला की तिथं लेझर पोचणारच नाही, म्हणून लेझरचा डोळा वेगळा काचेमागं ठेवावा लागणार. म्हणजे वायर, भोक, आणि भोक पाडलं की बायको.

तेव्हा प्रामाणिक हिशेब असा की आपल्याकडं लेझर गन आणि कॅमेरे वाढत असताना महागडा डबा मागवणं म्हणजे विहीर आटल्यावर मोटार बदलणं. तरी व्हॅलेंटाइनचा मोह सुटत नाही. बाण पाहायचेत मला.

पण हे सगळं लिहायला बसलो तेव्हा बाकावर तो सीडीएम३२४ आणि अॅम्प्लिफायर तसाच पडलेला, आणि डोक्यात दुसरंच सुरू झालं. चालत्या गाडीवरून परतलेल्या लहरीची फ्रिक्वेन्सी वेगाप्रमाणे सरकते: २४.१२५ वर ताशी एका किलोमीटरला साधारण ४४.७ हर्ट्झ. ६० ला २६८० च्या आसपास. एवढं मोजायला ईएसपी३२ ही छोटी कंट्रोलर चिप पुरे. दाखवायला पी१० चा एलईडी पॅनेल, जो आता प्रत्येक किराणा दुकानावर "उधार बंद" फिरवतोय. आमच्या शाळेसमोरून संत्र्याचे ट्रक सुटतात, तिथं खांबावर "तुमचा वेग" लावला तर? डबा घेऊन तीन आठवडे लहर शोधत हिंडलो, आता लहर पाठवायची. हेडमास्तरांना विचारलं, ते म्हणाले खांब देतो, लाइट तुमचा.

काल संध्याकाळीच पाटीवर अर्धवट जोडणी करून गोठ्याच्या मांडवात लावली. आणि पाटीनं "२" दाखवला. मांडवात कोणी नाही. बैल बसलेला. मी बाहेर. तरी २. पुन्हा भूत! या वेळी मात्र तीन आठवडे नाही, तीन मिनिटं लागली. मांडवातली जुनी चोकवाली ट्यूब. तिच्यातला वायू सेकंदाला शंभर वेळा पेटतो-विझतो, तेवढ्या वेळा लहर परतवतो, आणि १०० हर्ट्झ म्हणजे बरोबर ताशी २.२ किलोमीटर. ट्यूब बंद, पाटी शून्यावर. सॉफ्टवेअरमधे पाचाच्या खालचं सगळं कापून टाकलं.

कापायच्या आधी बैलाला उठवून अंगणातून चालवून पाहिला होता. पाटी ३, ५, २, ६ अशी नाचत होती, कारण पायांचा वेग वेगळा आणि अंगाचा वेगळा. काका पाहत होते. म्हणाले, "ह्या बैलाले पावती फाडतील का आता?"

कोनाची चूक अजून सुटायची आहे. खांब रस्त्याच्या कडेला, गाडी तिरपी दिसते, आकडा कमी येतो. वीस अंशाला सहा टक्के. खांब वळणाच्या आधी हलवायचा की आकडा सॉफ्टवेअरमधे गुणायचा, यावर भाच्याशी वाद चालू आहे. तो गुणायचं म्हणतो. शुक्रवारी त्याच्याच गाडीनं ठरवू, पण ब्लाइंड स्पॉट बंद करून.