काशाची वाटी

फोनवर संदेश आल्याची वर्दी देणारा आवाज आपला आपणच घडवावा, ही हुक्की मला गोदाघाटावर आली. नारोशंकराच्या देवळाची ती प्रचंड घंटा, १७३९ सालच्या वसईच्या विजयाची खूण, समोर टांगलेली होती, आणि तिचा नाद खिशात वाजला तर काय बहार येईल, असे वाटून गेले. तिला हात लावणे शक्य नव्हते, म्हणून आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळातली घंटा ध्वनिमुद्रित केली. फोनवर ऐकली तर नुसती किणकिण. घंटेचा सारा भारदस्तपणा खालच्या सुरांत असतो, आणि फोनमधल्या नखाएवढ्या स्पीकरला तीनचारशे हर्ट्‌झच्या खालचे फारसे काही पेलत नाही.

मग मी भांडी बाजारातून काशाची वाटी आणली. कासे म्हणजे तांबे आणि कथील. घंटाही याच धातूची, तेव्हा घराणे एकच. चमच्याच्या दांड्याने वाटीच्या काठावर हलकेच टिचकी मारली की निघणारा स्वर उंच, आणि आपल्या कानाला सगळ्यात चटकन जाणवतो तो साधारण दोन ते पाच हजार हर्ट्‌झचाच टापू. आवाज मनाजोगता मिळाला, फक्त तो विरायला चार सेकंद घेई. एकदा ऐकताना ते सुंदरच वाटे. पण सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर लागोपाठ अकरा सुप्रभात आले, तेव्हा एकाचे शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर चढून अशी कालवाकालव झाली की बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. जुन्या नोकियात तीन आखूड, दोन लांब, तीन आखूड असे ठोके वाजत. मोर्स लिपीत ती ‘एसएमएस’ हीच अक्षरे. निरोप सांगून ते गप्प होत, ही त्यांची खानदानी रीत मला तेव्हा उमगली. शेपूट कापत कापत मी आवाज पाऊण सेकंदावर आणला, मात्र सुरुवातीची टिचकी तशीच ठेवली, कारण आवाज कुठून आला हे कानाला त्या पहिल्या ठोक्यावरूनच नीट कळते.

आवाज उत्तम जमला, इतका की रात्री बाबा त्याच वाटीतले वरण ढवळू लागले की माझा हात खिशाकडे जातो. आईकडे वाटी बदलण्याचा विषय काढून पाहिला.

“तुझा फोन बदल,” ती म्हणाली.