तो फितूर होता का?

भारतातून पाहुणे आले की नायगारा, टाइम्स स्क्वेअर, लिबर्टी बेल हे ठरलेलं. आम्ही एडिसनला राहतो, म्हणून मी त्यांना शेजारच्या पर्थ अँबॉयलाही नेते. तिथे ‘प्रोप्रायटरी हाऊस’ नावाचं विटांचं जुनं घर आहे. न्यू जर्सीचा शेवटचा इंग्रजी गव्हर्नर विल्यम फ्रँकलिन त्यात राहायचा. शंभर डॉलरच्या नोटेवर आहे ना, त्या बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा. एवढं सांगितलं की प्रश्न येतोच: “बाप स्वातंत्र्याच्या बाजूने आणि मुलगा इंग्रजांकडे? म्हणजे फितूरच की!”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा शब्द त्याला लावताना माझी जीभ अडते. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर उलटतो, तो फितूर. विल्यमने राजाचं मीठ खाल्लं आणि राजाकडेच राहिला. बाजू बदलली ती बापाने.

बेंजामिन कित्येक वर्षं लंडनमध्ये राहिलेला, साम्राज्यावर जीव असलेला माणूस. १७६२मध्ये विल्यमला हे पद मिळालं तेही लंडनमधल्या ओळखींवर. पुढे जानेवारी १७७४मध्ये तिथेच, प्रिव्ही कौन्सिल म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळासमोर, बेंजामिनची भर सभेत खरडपट्टी निघाली. टपालखात्यातलं पदही गेलं. १७७५मध्ये तो अमेरिकेत परतला तो बंडखोर होऊनच. विल्यमने मात्र १७७५च्याच जानेवारीत न्यू जर्सीच्या विधिमंडळाला बजावलं होतं की, तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक सुखाची आणि दुसरी यादवीची.

यादवी त्याच्याच घरात शिरली. जून १७७६मध्ये त्याला पकडून कनेक्टिकटला नेलं. नजरकैदेत असताना तो राजाला शरण येणाऱ्यांना माफी देणारी इंग्रजांची पत्रं गुपचूप वाटत होता, ते उघडकीस आल्यावर लिचफील्डच्या तुरुंगात एकांतकोठडी मिळाली. इकडे त्याची बायको एलिझाबेथ न्यूयॉर्कमध्ये मरणपंथाला लागली होती. भेटीला जाऊ द्या, अशी त्याने बंडखोरांचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनला विनंती केली. बंडखोर वसाहतींच्या काँग्रेसने नकार दिला. जुलै १७७७मध्ये ती गेली. (ग्राउंड झीरोला जाल तेव्हा समोरच्या सेंट पॉल्स चॅपेलमध्ये डोकवा. विल्यमने तिच्यासाठी लावलेली पाटी तिथे आहे.)

सुटल्यावर तो साधा राहिला नाही, हेही सांगायला हवं. न्यूयॉर्कमधल्या राजनिष्ठांच्या ज्या मंडळाचा तो प्रमुख होता, त्याच्या माणसांनी १७८२मध्ये जोशुआ हडी या कैदेतल्या बंडखोर कॅप्टनला फाशी दिलं. त्याच वर्षी विल्यम इंग्लंडला निघून गेला. त्याच्यासारखे सुमारे साठ हजार राजनिष्ठ त्या युद्धापायी देशोधडीला लागले. बरेच जण नोव्हा स्कोशात गेले, म्हणजे आजच्या कॅनडातल्या, इंग्रजांकडेच राहिलेल्या मुलखात.

१७८४मध्ये मुलाने समेटाचं पत्र लिहिलं. बापाने उत्तर दिलं, पण म्हातारपणी एकुलत्या मुलाने सोडलं याइतकं दुसरं काही मला लागलं नाही, असं त्यात लिहून. पुढच्या वर्षी साउदॅम्प्टनला दोघं भेटले, ते जमिनीचे व्यवहार मिटवण्यापुरते.

नागरिकत्व घेताना मीही हात वर करून शपथ घेतली आहे, जुन्या देशाची निष्ठा सोडल्याची. आमच्या आत्याबाईंनी तेव्हा फोनवर विचारलं होतं, “म्हणजे आता तू तिकडची?” मी विषय बदलला होता.

बेंजामिन १७९०मध्ये वारला. मृत्युपत्रात त्याने मुलाला काय ठेवलं? मुलाकडे आधीच असलेली पुस्तकं-कागद, आणि थोडी जमीन. तीही नोव्हा स्कोशातली.