शेवटच्या घरावरून लेव्हल

पुण्यातल्या त्या वस्तीत एका गल्लीची ड्रेनेज लाइन टाकायची होती. 14 घरं, मुख्य चेंबरपासून शेवटच्या दारापर्यंत 36 मीटर. घरात संडास बांधायला स्वच्छ भारत अभियानातून 12,000 रुपये मिळायचे, पण मैला जाणार कुठून हा प्रश्न सगळ्या गल्लीचा असतो.

चेंबरजवळच्या घरांची वर्गणी आधी जमली होती. मिस्त्री तिथूनच 110 मिमीचा पाइप 60 ला 1 उताराने, म्हणजे 60 सेंमी लांबीला 1 सेंमी उतार देत, टाकत जाणार होता. आम्ही खोदाई थांबवून आधी लेव्हल ट्यूब, म्हणजे उंचीतला फरक मोजायची पाणी भरलेली पारदर्शक नळी, लावली. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं, म्हणून पाणी सावकाश भरायचं आणि दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं उभं राहतंय का ते पाहायचं.

शेवटचं घर खड्ड्यात निघालं. जुना कोबा न फोडता त्यावरच काँक्रीट ओतत गेल्यामुळे गल्ली त्या घराच्या फरशीपेक्षा 30 सेंमी वर आली होती. हा अन्याय वस्त्यावस्त्यांत दिसतो. पावसाचं पाणीही त्याच घरात शिरतं.

फरशीपासून चेंबरमधल्या पाइपाचा तळ जेमतेम 70 सेंमी खाली होता. भांडं आणि ट्रॅपला (वास अडवणाऱ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या वळणाला) 45 सेंमी लागतात, घरापासून लाइनपर्यंतच्या 3 मीटरला 5. मिस्त्रीच्या उताराने पुढे 60 सेंमी हवेत, म्हणजे एकूण 110. तसं काम झालं असतं तर ते घर कायमचं बाहेर राहिलं असतं. 160 मिमीचा पाइप 100 ला 1 उतारावर चालतो, मग 36 सेंमीत भागतं. एकूण 86. तरी 16 कमीच.

त्या शेवटच्या घरातल्या मावशींना विचारलं, "मावशी, संडासाची फरशी घरापेक्षा वीतभर वर घ्यावी लागेल. चालेल का?"

"घे की. पण एकच उंच पायरी नको, दोन कर. गुडघे दुखतात माझे."

10-10 सेंमीच्या दोन पायऱ्या ठरल्या. वर 4 सेंमी हाताशी राहिले. मोठ्या पाइपाचा जादा खर्च 14 घरांत वाटला. बाकीच्या घरांनी कुरकुर केली, पण हिशेब पाटीवर लिहून दाखवल्यावर मानलं.

मग खोदाई खालून, चेंबरकडूनच सुरू केली, प्रत्येक पाइपाला उतार तपासत. वळणावर काटकोनी बेंड टाकला की तिथेच तुंबतं, म्हणून प्रत्येक वळणाला छोटा चेंबर. नळाच्या अर्ध्या इंची लाइन्स गटारातूनच गेल्या होत्या, त्या उचलून भिंतीवर घेतल्या. नळाला पाणी नसतं त्या वेळात फुटकी नळी बाहेरची घाण आत ओढते. पन्हळीचं पाणी मात्र या लाइनला कुणालाच जोडू दिलं नाही. पहिल्याच जोराच्या पावसात लाइन भरते आणि मैला उलटून सगळ्यात खालच्या फरशीवर, म्हणजे मावशींच्याच घरात येतो.