गव्हाच्या वावरातली पिल्लं

मार्चमध्ये गव्हात हार्वेस्टर फिरू लागला की आमच्याकडे ‘बिबट्याची पिल्लं सापडली’ असे फोन सुरू होतात. जाऊन बघावं तर बहुतेकदा ती रानमांजराची असतात. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे, तिथे मी स्वयंसेवक म्हणून काम करते. उमरेड तालुक्यातल्या एका गावातून असाच फोन आला आणि वनरक्षकांसोबत आम्ही निघालो.

धुऱ्यावर निंबाच्या सावलीत अर्धं गाव जमलं होतं. खोक्यात तीन पिल्लं, डोळे नुकते उघडलेले, म्हणजे साधारण दोन आठवड्यांची. शेजारी बशीत गाईचं दूध. लोकांचा जीव कळवळतो म्हणून ते दूध देतात, पण गाईच्या दुधातली साखर या पिल्लांना पचत नाही, हगवण लागते आणि एवढ्याशा अंगातलं पाणी बघता बघता संपतं. मी बशी बाजूला ठेवली आणि खोक्यावर कापड टाकलं. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगभर गडद ठिपके असतात. यांच्या अंगावर फिकट पट्टे होते, मोठेपणी तेही जवळजवळ पुसले जातात. एकेकाला पिल्लू दाखवून हे समजावलं, तेव्हा बाया जरा मोकळ्या झाल्या. बिबट असता तर उद्या कोणी मजूर त्या शिवारात फिरकला नसता.

खरा प्रश्न पुढेच होता. पिल्लं सापडली तिथेच संध्याकाळी परत ठेवायची होती, आणि वावराचे मालक काकाजी ऐकायला तयार नव्हते.

“ताई, इतक्या लोकायनं हात लावला. आता माय घेत नाही यायले.”

“घेते काकाजी. माणसाच्या वासानं ती पिल्लं टाकत नाही. माणसं तिथून हलत नाहीत, म्हणून तिला जवळ येता येत नाही.”

“अन् माह्या गव्हाचं काय? हार्वेस्टरवाला उद्या दुसऱ्या गावाले जाते. आभाळ आलं त सारा गहू भिजन.”

त्यांचं चुकत नव्हतं. मार्चमधल्या अवकाळी पावसानं आणि गारपिटीनं इथल्या शेतकऱ्याचं किती नुकसान होतं, ते मी दरवर्षी बघते. पिल्लांसाठी त्यांचं पीक उघड्यावर सोडा, असं मला सांगवेना. रानमांजराचं मुख्य खाणं उंदीर, म्हणजे ती वावराची राखणच करते, एवढं बोलले आणि थांबले. काकाजी बराच वेळ धुऱ्यावर बसून राहिले. मग त्यांनीच तोड काढली. बाकीचा गहू काढून घ्यायचा, पिल्लं सापडली तेवढा नाल्याकडचा कोपरा उभा ठेवायचा, आणि दिवस मावळायच्या आत मशीन बाहेर. कोपऱ्यातला गहू नंतर विळ्यानं सोंगू, म्हणाले. याहून चांगला उपाय मला सुचला नसता.

दिवस मावळायच्या सुमारास त्या कोपऱ्यात क्रेट ठेवला. त्याच्या काठाची उंची अशी, की पिल्लू बाहेर पडू नये पण आईला सहज उचलता यावं. समोर ट्रॅप कॅमेरा बांधला, म्हणजे हालचाल झाली की आपोआप चित्रण करणारा. वनरक्षकांनी पोरांना, कुत्र्यांना सगळ्यांना गावात पिटाळलं आणि आम्हीही निघून आलो. या कामात निघून येणं फार अवघड असतं.

पहाटे क्रेटमध्ये एकच पिल्लू होतं, गार पडलेलं. आई एकेक करून नेते आणि उजाडलं, माणसं फिरू लागली की थांबते. ते पिल्लू सेंटरला आणलं. गार पिल्लाच्या पोटात काही घालायचं नसतं, आधी ऊब द्यायची. टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, मग डॉक्टरांनी सांगितलेलं मांजराच्या पिल्लांसाठीचं दूध, तेही पोटावर पालथं ठेवून थेंब थेंब. उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. ओल्या कोमट कापसानं पुसल्याशिवाय एवढं पिल्लू लघवीसुद्धा करत नाही. दुपारी ते माझ्या तळहातावर जोरात ओरडलं, आणि इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

त्याच संध्याकाळी पुन्हा तोच कोपरा, तोच क्रेट. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यातलं चित्रण काकाजींच्या ओसरीत बघितलं. अंधार पडल्यावर थोड्याच वेळात ती आली, लांब पायांची, आखूड शेपटीची. क्रेट हुंगला, मागे सरली, परत आली आणि मानेला धरून पिल्लू उचलून नाल्याकडे गेली.

“घेतलं ना जी मायनं!” काकाजी ओरडले. घरातल्या सगळ्यांना बोलावून त्यांनी ते पुन्हा पुन्हा लावायला लावलं. मग हार्वेस्टरवाल्याला फोन करून म्हणाले, “पुढच्या वावरात मशीन घालाच्या आधी चार माणसं काठ्या घेऊन गव्हातून फिरव. काही दिसलं त हात नको लावू, १९२६ ले फोन कर.” तो वन विभागाच्या हेल्पलाइनचा नंबर. वनरक्षकांनी आदल्या दिवशी एकदाच सांगितला होता, काकाजींनी तो पाठ करून ठेवला होता.